लँगडेलच्या गुत्त्यात दोन रात्री

"पण खाली दारू विकतात ना?" हा आईचा पहिला प्रश्न, आणि त्याला हो म्हणण्यावाचून माझ्यापुढे काही इलाजच नव्हता.

झालं असं की मागच्या मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून माझ्याकडे मँचेस्टरला आले होते, लंडन झालं, एडिंबरा झालं, मग बाबा म्हणायला लागले की इमारती पुष्कळ बघितल्या, आता जरा डोंगर दाखव. बाबा ६८ वर्षांचे आहेत पण अजून रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येतात, त्यांना मँचेस्टरच्या सपाटीवर चालून करमेना. म्हणून मी उत्तर इंग्लंडातला तळ्या-डोंगरांचा लेक डिस्ट्रिक्ट ठरवला, त्यातही विंडरमिअरची गर्दी टाळून आत ग्रेट लँगडेलची दरी, आणि राहायला दरीतलंच एक जुनं इन. इन म्हणजे काय हे समजावताना माझी पंचाईत झाली. खाली बार, तिथंच जेवण, वर पाच-सहा खोल्या, सकाळी नाश्ता, दिवसभर डोंगरात भटकायचं आणि संध्याकाळी ओले बूट घेऊन परत यायचं. ढाबा, लॉज आणि गावचा पार एकत्र केला की जे होईल ते, असं मी सांगितलं. आई म्हणाली म्हणजे गुत्ता. तिथून पुढे दोन्ही दिवस तिने त्या जागेला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

बुकिंग मी फोनवरून केलं, कारण वेबसाइटवर तीन जणांची खोली दिसतच नव्हती आणि फोनवर ती निघाली (हे तिकडे बऱ्याचदा होतं, फोन करून बघाच). पलीकडच्या बाईंनी तीनच प्रश्न विचारले, कुत्रा आणताय का, किती वाजेपर्यंत पोचाल आणि रात्री जेवायला आहात का. शेवटचा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही, किचन साडेआठला बंद होतं आणि दरीत दुसरं काही उघडं असेल असं धरून चालू नये. शनिवार-रविवारी एक रात्र देत नाहीत, दोन घ्याव्या लागतात. रात्रीला १४० पौंड, नाश्त्यासकट. आईने लगेच मनात गुणाकार करून सोळा हजार काढले आणि विचारलं, लिफ्ट आहे का. लिफ्ट नाही, मोबाइलला रेंज नाही, टीव्हीपण नाही. सोळा हजारात नेमकं काय आहे मग? मी म्हटलं डोंगर आहेत.

आमच्याकडे गाडी नाही त्यामुळे ट्रेनने ऑक्सनहोम, तिथून विंडरमिअर, मग बसने अँबलसाइड आणि तिथून लँगडेलला जाणारी ५१६ नंबरची बस. ही ५१६ दिवसातून मोजक्याच वेळा जाते आणि संध्याकाळी लवकर संपते, हे मला माहीत होतं तरी अँबलसाइडला तळ्याकाठी हंस बघत बसण्यात आमची शेवटची बस गेली. चूक पूर्णपणे माझी. टॅक्सी मिळेपर्यंत पाऊण तास गेला, मग दोन्ही बाजूंना दगडी भिंती आणि मधून एकच गाडी जाईल एवढा रस्ता, समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स. बाबा पुढच्या सीटवर बसून भिंती बघत होते. ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून रिटायर झालेत, त्यांना भिंत दिसली की ती सिमेंटची आहे की चुन्याची हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ह्यात तर दोन्ही नव्हतं.

पोचलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं. दार ढकललं तर आत थेट बार. रिसेप्शन वगैरे काही नाही, बिअर ओतणाऱ्या मुलीनेच हात पुसून वही उघडली, नाव विचारलं, किल्ली दिली आणि त्याच दमात म्हणाली खोलीत नंतर जा, आधी ऑर्डर द्या, वीस मिनिटं राहिलीत. आईने एकदा त्या किल्लीकडे बघितलं, एकदा मागच्या बाटल्यांच्या रांगेकडे. टेबलाखाली दोन कुत्री झोपलेली, दाराशी चिखलाचे बूट ओळीने लावलेले, फायरप्लेसमध्ये मे महिन्यात लाकडं पेटलेली. बाबा टेबलाशी बसून वेटरची वाट बघायला लागले. तिथं वेटर येतच नाही, आपणच टेबलाचा नंबर बघून काउंटरवर जाऊन सांगायचं, पैसे तेव्हाच द्यायचे नाहीतर खोलीच्या नावावर लिहून ठेवायला सांगायचं, मग जेवण तेवढं टेबलावर येतं. माहीत नसेल तर माणूस तासभर नुसता बसून राहील आणि कुणी काही विचारणार पण नाही, कारण त्यांना वाटतं तुम्ही निवांत बसलाय. बाबा म्हणाले, हां, म्हणजे उडप्याकडं आधी कूपन घेतो तसं.

आई शाकाहारी. तिच्यासाठी मशरूम पाय आणि चिप्स, बाबांसाठी हर्डविक मेंढीचं मटण, हळू आचेवर पाच-सहा तास शिजवलेलं. हर्डविक ही तिथलीच डोंगरी जात, पिल्लू जन्मतं काळंकुट्ट आणि वय वाढेल तसं राखाडी होत जातं, माणसासारखंच. बाबांनी पहिला घास खाल्ला, थांबले, म्हणाले मिरची नाही, मसाला नाही, पण मटण मात्र एक नंबर शिजलंय, हाडापासून सुटतंय बघ. आईने पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली, तोपर्यंत मी इकडेतिकडे बघून घेतलं कुणी बघत नाही ना, पण तिथं कुणाचं लक्षच नव्हतं. शेवटी स्टिकी टॉफी पुडिंग. खजूर घातलेला गरम केक आणि वर टॉफीचा पाक, हा पदार्थ प्रसिद्ध केला तो ह्याच भागातल्या अल्सवॉटरकाठच्या शॅरो बे हॉटेलने. आई म्हणाली गुळाचा वास येतोय. तिच्याकडून ह्याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही, आणि तिने माझाही अर्धा संपवला.

खोलीचं काय सांगायचं. जिना अरुंद आणि वळणाचा, जमीन एका बाजूला इतकी कललेली की आईच्या चष्म्याची डबी टेबलावरून घरंगळून खाली पडली. छताची तुळई एवढी खाली की बाबांनी पहिल्या पाच मिनिटांत दोनदा डोकं आपटून घेतलं, तिसऱ्यांदा आपटल्यावर तुळईला हात लावून म्हणाले ओक असणार, सागाला असा आवाज येत नाही. बेसिनला दोन वेगळे नळ, एकातून उकळतं आणि दुसऱ्यातून बर्फ. संडासात अर्थातच पाणी नाही, पण आई मँचेस्टरहून निघतानाच प्लास्टिकचा मग घेऊन निघाली होती, आपल्याकडच्या आयांना हे सांगावं लागत नाही. किटली, चहाच्या पिशव्या, दुधाच्या अंगठ्याएवढ्या डब्या आणि शॉर्टब्रेड बिस्किटं ठेवलेली असतात. दोन डब्यांत तिघांचा चहा होईना म्हणून मी खाली दूध मागायला गेलो तर मुलीने अख्खा जग भरून दिला.

एक तक्रार सांगून टाकतो. आमची खोली बरोब्बर बारच्या वर होती आणि जुनी लाकडी जमीन म्हणजे खालचं सगळं वर ऐकू येतं. अकरा वाजता शेवटच्या ऑर्डरची घंटा झाली तीसुद्धा उशाशी वाजल्यासारखी. झोप हलकी असेल तर बुकिंग करतानाच मागच्या बाजूची खोली मागा. बाबा घोरायला लागले होते, आई जागीच होती. अंधारात म्हणाली, "दंगा नाही रे करत पण. नुसतं हसतायत."

रात्री झोपायच्या आधी नाश्त्याचा फॉर्म भरून द्यायचा असतो, काय हवं त्यावर टिक करायची आणि वेळ लिहायची. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात बाबांनी आयुष्यभराच्या सरकारी सवयीने एकही रकाना रिकामा न ठेवता सगळ्यावर टिक करून टाकली. सकाळी साडेआठला त्यांच्यासमोर जे ताट आलं त्यात दोन अंडी, बेकन, कंबरलँड सॉसेजचं वेटोळं, बीन्स, मशरूम, भाजलेला टोमॅटो, तळलेला ब्रेड आणि एक काळी गोल चकती. ब्लॅक पुडिंग. त्यांना वाटलं होतं गोड असणार, पुडिंग लिहिलंय म्हणून. मी सांगितलं ते रक्त आणि ओट्स घालून करतात. बाबा शांतपणे म्हणाले मग काय झालं, आपल्याकडं रक्ती खातातच की. मग मी सांगितलं रक्त डुकराचं आहे, सॉसेज आणि बेकनसुद्धा डुकराचंच. ताट हळूच माझ्याकडे सरकलं. त्यांनी माझी अंडी आणि टोस्ट घेतला आणि मी दुपारी तीनपर्यंत जेवलो नाही, इतकं पोट भरलं.

बाहेर पडताना काउंटरवर दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे थर्मास भरून घेतला, हे कुठल्याही इनमध्ये मागितलं की करून देतात. दुसरं, कुठल्या वाटेने जातोय आणि कधी परत येणार हे त्यांच्या वहीत लिहिलं. वहीशेजारी लँगडेल अँबलसाइड माउंटन रेस्क्यूचा दानाचा डबा होता. डोंगरात कुणी अडकलं तर सोडवायला जाणारी ही सगळी माणसं स्वयंसेवक आहेत, स्वतःची नोकरीधंदा सांभाळून जातात आणि सुटका झालेल्याकडून एक पैसा घेत नाहीत. बाबांना मी म्हटलं आपल्याकडं लोणावळ्याचे शिवदुर्गवाले जातात ना, तसं. त्यांनी पाच पौंडांची नोट टाकली, बसला सुट्टे देताना मात्र दोनदा मोजले होते.

५१६ ने दरीच्या पार शेवटच्या टोकाला गेलो, तिथं ओल्ड डंजन घिल नावाचं गिर्यारोहकांचं जुनं आवडतं हॉटेल आहे. त्याचा हायकर्स बार म्हणजे पूर्वीचा गोठा, गुरं बांधायच्या लाकडी-दगडी कप्प्यांतच आता बाकं टाकलीत. आम्ही तिथं चहा घेतला. आईला चढायचं नव्हतं, गुडघे दुखतात, म्हणाली तुम्ही जाऊन या मी बसते इथंच. मी म्हटलं एकटी? बारमध्ये? तर म्हणाली, "बार कुठला, गोठाच आहे हा. माझं काय वाकडं होणार आहे?" आणि पिशवीतून लोकरीचं विणकाम काढलं.

मग मी आणि बाबा रस्त्याने थोडं मागे येऊन स्टिकल घिलच्या ओढ्याकाठून वर चढलो, स्टिकल टार्न ह्या तळ्यापर्यंत. वाट दगडी फरसबंदीची, चढ अजिंक्यताऱ्याहून थोडा जास्त, धबधबे सोबत. वर तळं आणि मागे पेव्ही आर्कचा काळा सरळसोट कडा, एकदम आपल्या कोकणकड्याच्या धाकट्या भावासारखा. पण बाबांनी कडा बघितलाच नाही, ते तळ्याच्या तोंडाशी असलेला बुटका दगडी बांध बघत बसले. हा बांध १८३८ चा, खाली एल्टरवॉटरला बंदुकीच्या दारूचा कारखाना होता, त्याला पाणी पुरवायला घातलेला. बाबांनी त्यावर चालून बघितलं, पावलांनी लांबी मोजली, सांडवा कुठाय ते शोधलं आणि म्हणाले गळती नाही विशेष. शेजारचा पाइक ऑफ स्टिकल डोंगर तर त्याहून अजब आहे, त्याच्या कड्यावरच्या हिरवट दगडाच्या कुऱ्हाडी अश्मयुगात, म्हणजे साडेपाच-सहा हजार वर्षांपूर्वी, घडवून ब्रिटनभर आणि आयर्लंडपर्यंत जायच्या. मी हे सांगत होतो तेवढ्यात पाऊस आला.

तिथला पाऊस आपल्यासारखा येत नाही. आपला पाऊस सांगून, गाजावाजा करून येतो, हा आधी नुसता ओलावा असतो आणि मग कळतं की आतला बनियनसुद्धा भिजलाय. खाली येईपर्यंत बुटांतून पाणी पचपच करत होतं. आई बसची वेळ झाली म्हणून बाहेर येऊन उभी राहिलेली, छत्री वाऱ्याने उलटी झालेली, साडी पोटऱ्यांपर्यंत ओली. मी म्हटलं आत थांबायचं ना, तर म्हणाली आतलं कुत्रं पायावर डोकं ठेवून झोपलं होतं, त्याला उठवावं लागलं म्हणून बाई किती हळहळल्या. कोण बाई? शेजारी बसलेल्या. अडीच तासांत तिने कुणाला तरी टाका घालून दाखवला होता, कुणाची तरी लोकर बघितली होती, भाषा कुठली वापरली देव जाणे.

आता ड्राइंग रूम, म्हणजे दिवाणखाना नव्हे, ओले कपडे-बूट वाळवायची खोली. डोंगरातलं इन चांगलं की वाईट हे मी खोलीवरून ठरवत नाही, ह्या खोलीवरून ठरवतो. तळमजल्यावर मागे बॉयलरशेजारची एक कोंदट खोली, छताला दांड्या, भिंतीला बूट अडकवायच्या खुंट्या, कोपऱ्यात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. कागदाचे बोळे करून बुटांत कोंबायचे, तासाने बदलायचे, सकाळपर्यंत बूट वाळतात, आणि वास असा की ओली लोकर, ओलं कुत्रं आणि दहा जणांचे मोजे एकत्र. मी जॅकेट टांगून बाहेर पडणार तोच आई आली साडी घेऊन, दांड्यांवर नजर फिरवली आणि कामालाच लागली. लोकांनी जॅकेटं कशीही एकावर एक टाकली होती, ती तिने झटकून उलटी करून अंतरा-अंतराने लावली, मोजे जोडीने एका दांडीवर, पँटी दुसरीवर. मी म्हणत होतो अगं आई लोकांचे आहेत ते, तर म्हणाली असे घड्या पडलेले कधी वाळायचे? मग पाच वार साडी पसरायची तर दांडी पुरेना. तेवढ्यात साठीची एक बाई स्वतःचे बूट घेऊन आत आली, काहीही न विचारता तिने पदराचं टोक धरलं आणि दोघींनी दोन बाजूंना उभं राहून झटका देऊन पाणी काढलं, जसं आपल्याकडं गॅलरीत मायलेकी चादर झटकतात अगदी तसंच, मग तीन दांड्यांवरून वरखाली घेऊन नीट लावली. मी बुटात कागद कोंबत बसलो, दुसरं काय करणार.

दुसऱ्या संध्याकाळी काउंटरवर जाऊन ऑर्डर बाबांनी दिली. 'टेबल फोर' एवढं म्हणून मेन्यूवर बोट ठेवलं, आणि येताना सोबत एक म्हातारे गृहस्थ घेऊन आले. ते आयुष्यभर मेंढ्या पाळलेले आणि भिंती घालणारे. बाबांचं इंग्लिश ऑफिसच्या पत्रव्यवहाराचं, त्यांचं इंग्लिश मलाही अर्धंच कळत होतं, पण बिअर मॅट, म्हणजे ग्लासाखाली ठेवायचे पुठ्ठे, उभे-आडवे लावून दोघांचं बांधकाम सुरू झालं. सिमेंट-चुना काही नाही, आपल्या कोकणातल्या गडग्यासारखंच, पण आत दोन भिंती एकमेकींकडे झुकत वर जातात, मधे चिपा ठासून भरायच्या, ठरावीक उंचीवर आरपार जाणारा लांब दगड टाकून दोन्ही भिंती बांधून घ्यायच्या, आणि एका दगडावर दोन, दोनावर एक, सांध्यावर सांधा येता कामा नये. बाबा सारखे "सांधमोड, सांधमोड" म्हणत होते आणि ते गृहस्थ मान हलवत होते. पाणी अडत नाही, मधून निघून जातं, म्हणून शंभर-दोनशे वर्षं टिकतात. २०१७ मध्ये युनेस्कोने लेक डिस्ट्रिक्टला जागतिक वारसा म्हटलं ते नुसत्या तळ्या-डोंगरांसाठी नाही, ही मेंढपाळी आणि ह्या भिंती त्यात धरल्यात.

मग विषय पावसावर गेला. त्यांनी जरा ऐटीत सांगितलं की डोंगरापलीकडचं सीथवेट हे इंग्लंडातलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर. बाबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि तितक्याच शांतपणे महाबळेश्वरचा साडेपाच हजारांच्या वरचा आकडा सांगितला, आणि तोही चार महिन्यांत. गृहस्थांनी मला विचारलं खरं का, मी म्हटलं खरं. त्यांनी बाबांसाठी ड्रिंक मागवायला हात वर केला, बाबा पीत नाहीत म्हटल्यावर लेमोनेड आलं. एकाने पाजलं की पुढची फेरी दुसऱ्याने द्यायची हा तिथला अलिखित नियम, तो मी बाबांना कानात सांगितला, त्यामुळे माझ्या खात्यावर एक पाइंट बिअर वाढली.

उघड्या डोंगरावर कुंपण नसतं तरी मेंढ्या आपला पट्टा सोडत नाहीत, आईमागे हिंडून पिल्लू तो शिकतं आणि मग त्याचं पिल्लू, हे त्यांनीच सांगितलं. आणि मेंढ्या मोजायचे जुने आकडे म्हणून दाखवले, यान, टॅन, टेथेरा, मेथेरा, पिंप. आई इतका वेळ विणत होती, ती एकदम वर बघून म्हणाली, "पाचाला पिंप?" आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेना. पिंप म्हणजे आपल्याकडं काय हे मी त्या गृहस्थांना समजावलं, तर ते म्हणाले पंधराचा आकडा बमफिट आहे, तो सांगू का? हे आकडे जुन्या वेल्शच्या नात्यातले, आणि वेल्शमधला पाच आणि आपला पंच मुळात एकाच घरातले, पण एवढं भाषाशास्त्र त्या वेळी कुणाला ऐकायचं होतं.

सकाळी बिल दिलं. दोन रात्री २८०, दोन्ही वेळची जेवणं, एक बिअर, तीन लेमोनेड आणि पुडिंग पाच. पाच कशी झाली मला कळेना, पहिल्या रात्रीची दोन, दुसऱ्या रात्रीची दोन. आई खिडकीतून बाहेर बघायला लागली. साडी कडक वाळली होती, तिला थोडा लाकडाच्या धुराचा वास लागला होता, बाकी छान.

बस अँबलसाइडला पोचली तशी रेंज आली आणि आईचा फोन टुणटुण वाजत सुटला, दोन दिवसांचे सगळे गुड मॉर्निंग एकदम. लगोलग कऱ्हाडहून मावशीचा कॉल. कुठं गायब होतीस गं? आई म्हणाली, "डोंगरात होतो गं. हॉटेल म्हणजे अगदी घरगुती, जुनी खानावळ असते ना तसली."

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "आता का? सांग की गुत्ता म्हणून."

आईने फोनवर हात ठेवून त्यांना गप्प बसा म्हटलं आणि मावशीला पुडिंगमध्ये खजूर किती लागेल ते सांगायला लागली.